कॅचरविषयी मार्लिसचं मत

बेसबॉलचा मोसम संपला की मार्लिसचा सुरू होतो, असं तिचा नवरा ड्वेन म्हणायचा. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. उन्हाळाभर ती मैदानात तिसऱ्या बेसच्या बाजूला आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसायची, गुडघ्यांवर पातळ शाल घ्यायची आणि बघत राहायची. बोलायची कमी. जे दिसेल ते मुरत घालायची. नोव्हेंबर लागला, मक्याची शेतं कापून झाली, मिसिसिपीवर सकाळचं धुकं बसायला लागलं की मग ती बरणी उघडायची.

बरणी उघडायची जागा म्हणजे मर्ल श्रोडरचं बी-बियाण्याचं दुकान. थंडीत तिथे गिऱ्हाईक नसतं. बुधवारी सकाळी मर्ल कॉफीचं मोठं भांडं लावायचा, गावातले सात-आठ म्हातारे पोत्यांवर आणि घडीच्या खुर्च्यांवर बसायचे, आणि मार्लिस एकेकाला घ्यायची. मॅनेजर ब्रुकनर? माणूस भला आहे. चर्चच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण चेंडू टाकणारा पिचर दमलाय हे त्याला कळेपर्यंत पिचरच्या आईला घरी बसून कळलेलं असतं. पिचिंगचा कोच? तो दर पंधरवड्याला पोरांची चेंडू धरायची बोटं बदलतो, शेवटी पोरगं समोर बघायचं सोडून स्वतःच्या बोटांकडे बघत चेंडू टाकतं. मधल्या जागेवर चेंडू अडवणारा शॉर्टस्टॉप लूमिस? पाय हरणाचे, हात लोण्याचे. आणि वरच्या संघाने एवढा गाजावाजा करून जो नवा माणूस घेतला, तो म्हणजे लिलावात उभा केलेला जुना ट्रॅक्टर. रंग नवा आहे, एवढंच.

तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलायची सवय तिला तेव्हाची. कोचांवर तिचा विशेष राग होता. पोरं चांगली येतात आणि हे लोक त्यांना बिघडवतात, हे तिचं ठाम मत. ते खोडायला कुणी जायचं नाही, कारण खोडायला जाणाऱ्याचंही काहीतरी तिने पाहून ठेवलेलं असायचं.

गावाचा संघ म्हणजे बगळे. नाव मोठं वाटलं तरी व्यावसायिक बेसबॉलच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. विशीच्या आतबाहेरची पोरं इथे यायची, बरी निघाली की वरच्या गावी जायची, आणि त्यातलं एखादं पुढे टीव्हीवर, मोठ्या संघाच्या कपड्यांत दिसायचं. बाकीची कुठे गेली हे विचारायची गावात रीत नव्हती.

या पोरांना राहायला जागा गावातली घरं द्यायची. टीडमनांच्या, म्हणजे मार्लिस आणि ड्वेनच्या, घरातली तळघरातली खोली अशीच दर उन्हाळ्याला एखाद्या पोराकडे जाई. दहा वर्षांपूर्वी तिथे रादामेस बाएस आला. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीचा, कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून पिचरचे चेंडू धरणारा, एकोणीस वर्षांचा, सोबत एक बॅग आणि इंग्रजी जवळजवळ शून्य. पहिला आठवडा तो फक्त दूध आणि कॉर्नफ्लेक्सवर होता. मार्लिसने चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट आमटी, केली, आयोवात देतात तसा दालचिनीचा गोड रोल सोबत दिला, तेव्हा तो ताटाकडे असा बघत राहिला की जणू कुणी थट्टा केली असावी. मग एके दिवशी फोनवर बोलता बोलता तिचा भात लागला. ती भांडं सिंकमध्ये टाकणार, तेवढ्यात रादामेसने ते तिच्या हातातून घेतलं, जमिनीवर बसला, आणि चमच्याने तळाची खरपुडी खरवडून डोळे मिटून खात राहिला. त्या दिवसापासून मार्लिस भात मुद्दाम लागू द्यायची. ड्वेन वरचा भात निमूट खायचा.

दोन उन्हाळे तो राहिला. मग एक पायरी वर गेला, मग आणखी एक. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एक पायरी खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मदर्स डेला त्याचा फोन चुकायचा नाही. अमेरिकेतला आणि त्याच्या देशातला मदर्स डे वेगवेगळ्या रविवारी येतो, त्यामुळे दोन्ही आयांची सोय व्हायची.

श्रोडरच्या दुकानात त्याच्याबद्दल मार्लिस कधी बोलायची नाही. तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कर्टला. तो निवृत्त होऊन शिकागोहून आला होता, नदीकाठी घर बांधलं होतं, आणि बुधवारी यायला लागून त्याला महिनाही झाला नव्हता. जानेवारीतल्या एका बुधवारी, मार्लिस लूमिसला सोलून झाल्यावर, कर्ट म्हणाला की वरच्या संघांनी उगाच भरताड ठेवलं आहे. तो म्हातारा कॅचर बाएस घ्या. गुडघा गेलाय, आणि बॅट तर कधी आलीच नव्हती. त्याला आता घरी पाठवावं, त्याचंही बरं आणि क्लबचंही.

मर्लने कॉफीच्या भांड्याची तोटी उगाच पुसली. बाकीचे छताकडे बघू लागले. मार्लिसने हातमोजे चढवले, टोपी घातली आणि बाहेर पडली. मागे कर्ट "काय झालं?" असं विचारत होता.

घरापर्यंत ती पायी गेली. बर्फ करकरत होतं आणि तिच्या मनात कर्टला द्यायच्या उत्तरांची रांग लागली होती, पण एकही उत्तर शेवटपर्यंत पोचत नव्हतं. गल्लीच्या वळणावर तिला उमगलं की राग कर्टचा नव्हता. त्या माणसाने तिचीच वाक्यं म्हटली होती. ती वाक्यं कित्येक हिवाळे तिच्यापाशी पडून होती, फक्त तिने ती कुणाला ऐकवली नव्हती. स्वतःलासुद्धा मोठ्याने नाही.

पुढच्याच आठवड्यात रादामेसचा फोन आला. तो बसस्टँडवर होता, इथल्याच. क्लबच्या डॉक्टरला गुडघा दाखवायचा होता, म्हणून या बाजूला आलोय, म्हणाला. ड्वेन ट्रक घेऊन गेला आणि त्याला घेऊन आला. अंगात पातळ जाकीट, दाढी वाढलेली, कानांच्या पाळ्या लाल. दारातच त्याने मार्लिसला उचललं, नेहमीसारखं, पण या वेळी उचलताना डावा पाय जरा पुढे टेकवला. तिने ते पाहिलं.

दोन दिवस तो घरात वावरत राहिला. तळघराच्या दाराची बिजागरी घट्ट केली. शेजारच्या बाईच्या पायऱ्यांवरचं बर्फ ओढलं. चिली केली तर दालचिनीचा रोल त्यात बुडवून खाल्ला आणि वर दुसरा मागितला. मार्लिसने बेसबॉलचा विषय काढला की तो हसून "हो ना, दोन्या मार्लिस," म्हणायचा आणि दुसरीकडे वळायचा. दोन्या म्हणजे त्याच्याकडे बाईसाहेब, पण तो ते असं म्हणायचा की त्यातला साहेबपणा गळून जायचा. या हिवाळ्यात त्याच्या देशातल्या संघानेही त्याला घेतलं नव्हतं, एवढं तिला फोनवरून माहीत होतं. डॉक्टरकडे तो काही गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ड्वेन त्याला नदीच्या गोठलेल्या फाट्यावर मासे धरायला घेऊन गेला. दुपारी परत आले तेव्हा रादामेस गरम पाण्याने आंघोळ करायला खाली गेला, आणि ड्वेन स्वयंपाकघरात बूट काढत बसला. ड्वेन जन्मात एक आख्खी मॅच बसून बघितलेला माणूस नव्हे.

"पोराला तुझ्याशी बोलायचंय," तो म्हणाला.

"तुला सांगितलं त्याने?"

"मला काही सांगितलं नाही. पण माशाने गळ ओढला, पार दोरी घेऊन गेला, तरी त्याला कळलं नाही."

मार्लिसने भात टाकला. आच मोठी ठेवली. रादामेस वर आला तेव्हा तिने त्याला टेबलाशी बसवलं आणि सरळ सांगितलं की डॉक्टरचं निमित्त पुरे झालं, खरं काय ते सांग.

त्याने सांगितलं. नाताळाच्या आधी क्लबमधून फोन आला होता. खेळाडू म्हणून ते आता त्याला ठेवणार नव्हते. पण बगळ्यांकडे, इथेच, कॅचरांना शिकवायला कोच हवा होता. करशील का, असं विचारलं होतं. येत्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

मार्लिस त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता हा माझं मत विचारणार. तिने मनाची तयारी करायला सुरुवातही केली.

"मी हो म्हणणार आहे," तो म्हणाला. "ते माझं ठरलंय. मी दुसऱ्याच कामासाठी आलोय."

"कसल्या?"

"माझ्या आईला तुम्ही सांगा."

मार्लिसला कळेना. त्याने मग नीट समजावलं. बानीतल्या त्याच्या गल्लीत आजही लोक मानतात की रादामेस मोठ्या संघापासून एका पायरीवर उभा आहे. दहा वर्षं एकाच पायरीवर. दर वसंतात तो निघाला की आई चर्चमध्ये मेणबत्ती लावते, पाद्री नाव घेऊन प्रार्थना करतो, धाकटे भाऊ टीव्ही लावून ठेवतात. जानेवारीच्या सुरुवातीला तिकडे तीन राजांचा सण असतो, त्याला तो घरी होता, तेव्हा चारदा सांगायला गेला. आई म्हणाली, तू दमलायस, जेव, झोप, सकाळी बरं वाटेल.

"मी सांगितलं तर तिला वाटतं मी हिंमत हरलोय. भावांनी सांगितलं तर तिला वाटतं ते माझ्यावर जळतात. तुम्ही सांगितलं तर तिला खरं वाटेल."

"माझं का खरं वाटेल? मी त्यांना कधी भेटलेली नाही."

"मी तिला तुमच्याबद्दल सांगितलंय ना," रादामेस म्हणाला. "ही बाई कुणाला म्हणजे कुणाला सोडत नाही. आई शेजारणींना सांगते तुमच्या गोष्टी. लोण्याचे हात वगैरे. तिला फार आवडतात."

मार्लिस उठली आणि भाताखालची आच बंद केली. परत येऊन बसली. एका आईला तिच्या पोराबद्दल असलं काही सांगणं तिला जमणार नाही, असं ती म्हणाली. मग म्हणाली की तिला स्पॅनिश येत नाही. रादामेस म्हणाला की मी सांगेन ना त्या भाषेत, तुम्ही फक्त बोला.

"आणि माझं मत काय आहे ते तुला माहीत आहे?" तिने विचारलं.

तो टेबलावरच्या मेणकापडावरून बोट फिरवत राहिला. "नाही. तुम्ही कधी सांगितलंच नाही. सगळ्यांबद्दल सांगता." मग म्हणाला, "मलाही ऐकायचंय."

रविवारी चर्चहून आल्यावर फोन करायचा ठरला. मार्लिसने चर्चचा निळा स्वेटर काढला नाही. केस पुन्हा विंचरले. ड्वेनने रादामेसचा फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बसला. समोर आधी नुसतं आभाळ दिसलं, मग एक लिंबाचं झाड, मग एक गोल, सावळा चेहरा, कानांत सोन्याच्या कुड्या. अल्ताग्रासिया बाएस अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनीही ठेवणीतला झगा घातला होता.

त्या बराच वेळ बोलल्या. रादामेसने सांगितलं की आई तुम्हाला कोमाद्रे म्हणते आहे, म्हणजे तिच्या मुलाच्या दुसऱ्या आईला ती जे म्हणेल ते. आणि भाताबद्दल आभार मानते आहे, दहा वर्षांचे एकदम.

मार्लिसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सांग त्यांना," ती म्हणाली, "की मी इथे येणारं प्रत्येक पोरगं बघितलंय. आणि तुमचा मुलगा मोठ्या संघात जाणार नाही."

रादामेस बोलला. त्याचं बोलणं तिच्यापेक्षा लांबलं. फोनमधला चेहरा हलला नाही.

"बरोबर सांगितलंस?" मार्लिसने विचारलं. "मध्ये 'कदाचित' घातलंस का?"

त्याने फोन बरणीला नीट टेकवला.

"रादा."

"घातलं."

"काढ ते."

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी वाक्य छोटं होतं. अल्ताग्रासियांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि मांडीवर घडी घालत बसल्या. मागून एक कोंबडी गेली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"विचारते, का नाही?"

आता मार्लिसला मागे फिरायला जागा नव्हती. ती बोलायला लागली, आणि बोलताना तिचा आवाज बसमधला राहिला नाही. ती म्हणाली की त्याचा फेकीचा खांदा उत्तम होता, इतका की चोरून धावणारी पोरं त्याला बघून बेसवर चिकटून राहायची. कष्टात तो कुणाच्या मागे पडला नाही. पण बाहेर वळणारा चेंडू त्याला कधी दिसला नाही. चेंडू जिथे होता तिथे तो बॅट फिरवायचा, जिथे आहे तिथे नाही. हे पहिल्या उन्हाळ्यात होतं आणि शेवटच्यातही होतं. बाकी सगळं शिकता येतं. डोळा शिकता येत नाही. खालच्या पायरीवरच्या पोरांना तो कसाबसा पुरून उरायचा, वर कुणी सोडलं नसतं. आणि मग गुडघाही गेला.

हे सगळं रादामेस आईला सांगत होता, स्वतःबद्दल, एकेक वाक्य. "चेंडू जिथे होता तिथे" हे सांगताना त्याने हाताने दाखवलं. एकदा शब्द सापडेना म्हणून तो थांबला, आणि मार्लिसलाही थांबावं लागलं. खिडकीपाशी ड्वेन नदीकडे तोंड करून बसला होता.

अल्ताग्रासियांनी विचारलं की मग हा दोष कुणाचा. शिकवणाऱ्यांचा का? कोमाद्रे तर नेहमी म्हणते की शिकवणारे पोरांना बिघडवतात.

मार्लिसने टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "यात त्यांचा दोष नाही. त्यांनी खूप केलं. सांग त्यांना."

रादामेसने वर पाहिलं. तिच्या तोंडून कोचांबद्दल असं काही बाहेर पडलेलं त्याने ऐकलं नव्हतं, आणि ड्वेननेही. ड्वेनची खुर्ची वाजली.

मग मार्लिसने बगळ्यांकडच्या कामाचं सांगितलं. तो इथे कोच होणार, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. अल्ताग्रासियांचा चेहरा आता पहिल्यांदा पडला. त्यांचं उत्तर रादामेसने खाली बघत सांगितलं.

"म्हणते, कोच म्हणजे ज्याला खेळता आलं नाही तो. म्हणते, तिने दहा वर्षं मेणबत्त्या यासाठी लावल्या का."

मार्लिस खुर्चीत पुढे सरकली. बुधवारी या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला एक घोटभर कॉफीही लागली नसती. कोच काय करतो? तंबाखूऐवजी च्युइंगम चघळतो, आणि पोरांना बिघडवतो. पण समोर बरणीला टेकून ही बाई बघत होती, जिने या पोराला एकोणिसाव्या वर्षी परक्या देशात धाडलं होतं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "की मी एक बघितलंय ते सांगते. मग त्यांनी ठरवावं."

तिने सांगितलं ते रादामेसच्या पहिल्या उन्हाळ्यातलं होतं. जुलैतली दुपार, मैदान भट्टीसारखं तापलेलं. कोल्बी नावाचं नेब्रास्काचं एक पोरगं पिचर होतं, अठरा वर्षांचं, पहिलीच मॅच. त्याचा एकही चेंडू जागेवर पडेना. तिन्ही बेसवर समोरच्या संघाची माणसं उभी, लोक ओरडायला लागलेले, त्यात गावातले चांगले ओळखीचे लोकही. पोराची हनुवटी थरथरत होती, हे तिला तिसऱ्या बेसवरून दिसत होतं. मॅनेजर हाताची घडी घालून बसला होता. कोच त्याच्या बोटांबद्दल काहीतरी ओरडत होता. आणि कॅचर आपल्या जागेवरून उठला, मुखवटा काढून काखेत धरला, आणि चालत पिचरपाशी गेला. अगदी सावकाश, रविवारी चर्चमधून घरी जावं तसा. त्याने त्या पोराचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला वळवलं, लोकांकडे पाठ होईल असं. मैदानाच्या भिंतीपलीकडे नदी दिसते. मक्याने भरलेल्या सपाट नावा पुढे ढकलत एक बोट दक्षिणेकडे चालली होती. दोघं उभे राहून ती बोट बघत राहिले. कॅचर मध्येच तिकडे हात करून काहीतरी म्हणाला. पंच दोघांना हाकलायला आला तोपर्यंत ती पुलाखाली गेली होती.

"मॅच हरलो," मार्लिस म्हणाली. "चांगलीच हरलो. पण ते पोरगं दुसऱ्या दिवशी मैदानावर आलं. मी बसमध्ये असली पोरं बघितलीत, एकदा उतरली की पुन्हा चढत नाहीत. कोचचं काम ते आहे. बाकी सगळं बोटांचं वगैरे, ते नंतर. मी चाळीस वर्षं मॅच बघते, ते करणारा मला एक दिसला. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला त्याचे पैसेही कुणी देत नव्हतं."

रादामेस सांगत नव्हता.

"सांग ना."

"ते मी कसं सांगू?" तो म्हणाला.

"जसं बाकीचं सांगितलंस तसं."

त्याने सांगितलं. अर्ध्यात त्याला नाक पुसावं लागलं. ड्वेनने उठून कागदी रुमालांचा डबा टेबलावर आणून ठेवला आणि परत जाऊन बसला.

"काय म्हणाला होतास रे तू त्याला?" मार्लिसने विचारलं. इतकी वर्षं तिला ते विचारायचं राहिलं होतं. "तिथे उभा असताना?"

"काही नाही. मला कुठे इंग्रजी येत होतं?" तो ओल्या डोळ्यांनी हसला. "'बोट' म्हणालो. तेवढा शब्द येत होता."

ते त्याने आईलाही सांगितलं असावं, कारण तिकडून एकदम हसू आलं, आणि मार्लिसलाही आवरेना. दोघी बाया साखरेच्या बरणीच्या दोन बाजूंनी हसत राहिल्या. मग अल्ताग्रासिया बोलायला लागल्या, बराच वेळ, आणि मध्ये मध्ये हातातल्या रुमालाने डोळे टिपत होत्या. त्याच्या धाकट्या भावाला ताप आला की तो रादामेसशिवाय कुणाच्या हातून औषध घ्यायचा नाही, असं काहीसं ते होतं. रादामेसने त्यातलं थोडंच सांगितलं आणि बाकी राहू द्या म्हणाला. मार्लिसने आग्रह केला नाही.

शेवटी त्यांनी सरळ मार्लिसकडे बघत एक छोटा प्रश्न विचारला.

"विचारते, कोचला बसायला मिळतं का?"

मार्लिसला आधी कळलं नाही. मग कळलं. दहा वर्षं तो पोरगा उकिडवा बसला होता, रोज, तासन् तास, त्या गुडघ्यांवर.

"मिळतं," ती म्हणाली. "बाक असतो. पाठ टेकायला भिंतपण असते."

अल्ताग्रासियांनी ते ऐकून मान हलवली. मग ठीक आहे, असं त्या म्हणाल्या. ते कुणी भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

फोन बंद झाल्यावर रादामेस जाकीट घालून मागच्या अंगणात गेला. मार्लिस खिडकीतून बघत राहिली. तो कुंपणापाशी पाठमोरा उभा होता. तिला वाटलं, जावं. ड्वेन म्हणाला, राहू दे त्याला. ती राहिली, पण ताटं पुसून झाली तरी तीच ताटं पुन्हा पुसत होती. बऱ्याच वेळाने तो आत आला, बुटांवरचं बर्फ झटकलं आणि दाराला टेकून उभा राहिला.

"चेंडू जिथे होता तिथे," तो म्हणाला. "हे मला दहा वर्षांपूर्वी सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

त्याने विचार केला. "नाही. खोली बदलून घेतली असती."

"मग."

"रागावलोय मी थोडा."

"राग," ती म्हणाली. "तो हक्क आहे तुझा. पण बटाटे सोलता सोलता रागाव, संध्याकाळ होत आलीय."

तो बसला. तिने त्याच्यापुढे सुरी आणि पातेलं सरकवलं. दोघं साली काढायला लागले. मग निव्वळ काहीतरी बोलायचं म्हणून मार्लिस म्हणाली की बगळ्यांकडे येत्या उन्हाळ्यात गेल्या वेळचेच दोन कॅचर परत येणार असं ऐकते, त्यातला तो ओक्लाहोमाचा उंच पोरगा पहिला खेळवायला हवा, त्याची बॅट बघितलीस का, गेल्या वर्षी भिंतीपलीकडे काय मारत होता.

"नाही," रादामेस म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"उंच आहे म्हणून खालचा चेंडू त्याला धरता येत नाही. पिचर घाबरून वर टाकतात, आणि मार खातात. दुसरा बुटका आहे तो खेळवायचा."

"बुटक्याला बॅटिंग येते कुठे?"

"मी कॅचर निवडतोय, दोन्या मार्लिस. बॅटिंगचं नंतर बघू."

मार्लिसने सुरी खाली ठेवली. दहा वर्षांत या पोराने तिचं कुठलंही मत खोडून काढलं नव्हतं. सगळ्याला हो ना, हो ना. ती म्हणाली की तू अजून उत्तरसुद्धा दिलेलं नाहीस क्लबला आणि निघालास संघ निवडायला. तो म्हणाला की देतो उद्या सकाळी, पण उंच पोरगा खेळणार नाही. ती म्हणाली की तिने दोघांनाही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो म्हणाला की तिसऱ्या बेसच्या बाजूने कॅचरचा हातमोजा नुसता कडेने दिसतो, चेंडू कुठे धरला ते कळत नाही, आणि हे तिला कुणीतरी केव्हाच सांगायला हवं होतं.

"ड्वेन, ऐकलंस का हा काय म्हणतोय?"

ड्वेन पेपरमागून म्हणाला की ऐकलं, आणि बटाटे होणार आहेत का आज.

बटाटे झाले नाहीत. रादामेसने कॅचर म्हणून मिठाची आणि पिचर म्हणून मिऱ्यांची बाटली टेबलावर मांडली, मध्ये चेंडू म्हणून एक बटाटा ठेवला, आणि उंच माणूस खाली वाकतो तेव्हा त्याचं कोपर कुठे जातं ते दाखवायला लागला. मार्लिसने चष्मा चढवला, खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली आणि त्याने ठेवलेली मिठाची बाटली बोटभर डावीकडे सरकवली.